नदीची ओटी

पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागलं की आमच्या गावातल्या बायका खण-नारळ घेऊन नदीची ओटी भरायला जातात. शेजारच्या कमलकाकू यंदा गेल्या नाहीत. मी डोकावले, तर त्या पूर आला की उचलून निघायची पिशवी भरत बसल्या होत्या. मग मीही शेजारी बसून मोठ्या अक्षरांत फोन नंबर लिहून दिले. चष्मा, बॅटरी, कागदपत्रं आत गेली. ओटीसाठी आणलेला हिरवा खण त्यांनी गोळ्यांच्या डबीभोवती करकचून गुंडाळला.

"मागच्या पुरात मी लेकीकडे होते. होडीवाले खालून हाका मारत राहिले. ह्यांचं कानातलं यंत्र कपाटात. ऐकूच आलं नाही ह्यांना. गेले."

सूड म्हटलं की मला आरडाओरडा आठवतो. काकूंचा सूड मात्र नीट घडी घालून, गाठ मारून, त्या पिशवीत दारामागच्या खुंटीला लटकला होता. जन्मभर ज्या नदीला आई म्हटलं, तिच्यावरचा राग असाच शांत असतो की काय!

कोपऱ्यात नारळ उरला होता. "ह्याचं काय करायचं?"

"फोड. चटणी करू," काकू म्हणाल्या. "तिला यंदा करवंटीसुद्धा द्यायची नाही."