कोशाची पट्टी

माझ्या मामेसासऱ्यांचा स्वतः विणलेल्या कापडावर जेवढा विश्वास आहे, तेवढा भंडारा जिल्ह्यात कुणाचा कशावरच नसेल. देवावरही त्यांचा विश्वास आहे, पण सणासुदीपुरता. कोशावरचा, म्हणजे टसर रेशमावरचा, मात्र बारमाही. डोकं दुखलं की कोशाची पट्टी, कंबर धरली की कोशाची पट्टी. एकदा आमच्या घरचा नळ गळत होता, तर प्लंबर येण्याआधीच यांनी त्याला कोशाचा तुकडा आवळून बांधला, आणि नळ खरंच दोन दिवस गप्प बसला. लग्नात ते आधी नवरदेवाच्या शेरवानीला हात लावतात, मग नवरदेवाला. माझ्याच लग्नात, मी हार घेऊन उभा असताना, माझी बाही दोन बोटांत चोळून ते पुरेशा मोठ्या आवाजात म्हणाले होते, "मशीनचं हाय." माझे वडील अजून ते विसरलेले नाहीत.

गेल्या दिवाळीत आम्ही मोहाडीकडे त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मागच्या शेडमधून खटखट ऐकू येत होती. तिथले माग कधीचेच बंद आहेत, मामांचा एकच चालू माग पुढे ओट्यावर आहे, म्हणून मी डोकावलो. पाच पोरं हातात खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका घेऊन मागांच्या आडून एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे झाडत होती. नागपूरच्या भावंडांनी आणलेला एअरसॉफ्टचा खेळ. मोठं माणूस एकही नाही. पोरांत मामांची बारा वर्षांची नातही होती. तिचे वडील चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत ड्यूटीवर, आई स्वयंपाकघरात. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्म्याऐवजी काय, तर विरळ विणीची कोशाची पट्टी, जिच्यातून अंधुक दिसतं.

मी खेळ थांबवला आणि तसाच ओट्यावर मामांकडे गेलो. "मामा, लेकरांजवळ कोणी मोठं नाही, आणि डोळ्यांवर ही चिंधी?"

चिंधी हा शब्द त्यांना लागला. "कोशाचं कापड हाय ते, जवाईबापू. कायले भिऊन राहिले तुम्ही? मी दहा वर्साचा असतानी आंबागडच्या जंगलात एकटा फिरत होतो. माह्या मागं कोण होतं?"

"जंगलात तुमच्या डोळ्यांवर कोणी छर्रे मारत नव्हतं."

मामा उठले, शेडमध्ये गेले, नातीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडून स्वतःच्या डोळ्यांवर बांधली आणि दहा पावलांवर छाती काढून उभे राहिले. "मार वं बेटी. जवाईबापूले दाखव."

मी "नको" म्हणत धावलो. पण त्या घरात आजोबांचा शब्द मोडायची रीत नाही. पोरीने चाप ओढला.

मामा खाली बसले. पट्टी सोडली, चांगल्या डोळ्यासमोर धरून बारकाईने पाहिली आणि म्हणाले, "पाहा, एक धागा तुटला नाही." खरंच तुटला नव्हता. डावा डोळा मात्र टोमॅटोसारखा लाल होऊन मिटला होता. हा माणूस आता रडेल की कापडाचा भाव सांगेल, मला कळेना. असा हादरलो होतो मी की गाडीची किल्ली खिशात असून घरभर शोधत होतो.

मी त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. दारात उतरताना त्यांनी माझं मनगट धरलं. "जवाईबापू, हेच पट्टी सकाळपासून तिच्या डोळ्यावर होती. मीच बांधली होती."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. जमलं नाही.

डोळा वाचला, पण त्याने आता बारीक दिसत नाही. बंदुका नागपूरला परत गेल्या. पोरीच्या वडिलांनी तिला बजावलंय, "मी घरी असेन आणि खरे गॉगल असतील, तरच हा खेळ." विणताना धागा तुटला की मामा आता नातीला हाक मारतात, "ये वं बेटी, जोडून दे." ती वाकून, डोळे बारीक करून गाठ मारते. मामा तेवढा वेळ धाग्याकडे पाहत नाहीत. तिच्या डोळ्यांकडे पाहत बसतात.