अर्धा तास ताठ

डॉक्टरांनी मला कमरेत वाकू नका असं सांगितलं, आणि त्यामुळे माझ्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं.

ह्यात हसण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी मीही हेच विचारत होते. मोठ्याने!

मला कित्येक वर्षांपासून आमवात आहे. डॉक्टरांच्या भाषेत र्‍हुमॅटॉइड. हा शब्द जिभेवर नीट बसायच्या आत माझी बोटं वाकडी झाली होती. मनगटं, बोटं, गुडघे, सगळे सांधे आळीपाळीने संपावर जातात. तेही मी सोसत होते. पण मागच्या वर्षी आमच्या लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका यंत्राखाली झोपवून हाडं मोजली आणि म्हणाल्या, "काकू, हाडं विरळ झालीत."

"विरळ? पण आजार सांध्यांचा आहे ना?"

"हा आजार सांध्यांपुरता थांबत नाही. आतली सूज हाडांनाही खाते. त्यात तुमच्या इतक्या वर्षांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, पाळी गेलेली, दुखतंय म्हणून हालचाल कमी. आणि ड जीवनसत्त्व तर फारच कमी आहे. उन्हात बसत नाही का कधी?"

आता बघा! लातूरमध्ये राहणाऱ्या बाईला ऊन कमी पडलं! आमच्या गच्चीवर सकाळी घातलेली कुरडई दुपारी कडकडीत वाळते, कावळे सावली शोधत फिरतात, आणि मला म्हणे ऊन कमी! (आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पत्र्याखाली शिकवलं. ते ऊन कुणाच्या खात्यात गेलं, देव जाणे.)

तर दूध, ऊन, रोज चालणं, कमरेतून झटकन वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, पडायचं तर अजिबातच नाही, अशी पथ्यं आली. आणि आली हाडांची गोळी. आठवड्यातून एकदा. दर रविवारी, उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. मग अर्धा तास काही खायचं नाही, चहा नाही, आणि आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं, नाहीतर उभं राहायचं. नाहीतर गोळी अन्ननलिकेला भाजते.

गोळीचा कायदा मी पाळला असता. पण आमचे हे! हे रिटायर होईपर्यंत बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारत होते. तो माईक अजून त्यांच्या घशातून निघालेला नाही. दर रविवारी मी गोळी गिळली की हे घड्याळ घेऊन समोर बसणार. "पंधरा मिनिटं झाली! टेकू नका! पाठ सरळ ठेवा!" शेजारच्या गल्लीतल्या बायासुद्धा त्या आवाजावर पाणी भरायला उठतात.

पल्लवीचं, म्हणजे आमच्या लेकीचं, स्थळ औशाचं होतं. मुलगा अविनाश, कृषी खात्यात. बायोडाटा गेला, फोटो गेले, दोघं फोनवर बोलूही लागले. रविवारी अकराला पाहुणे बघायला येणार असं ठरलं. तर सकाळी सकाळी त्याच्या काकांचा फोन. "आमाला दुपारी नांदेडला लग्नाला जायचंय. मग आत्ताच निघतो, जाता जाता पोरगी बघून घेऊ."

जाता जाता! माझी मुलगी काय रस्त्यावरची मेथीची जुडी आहे?

घरात धावपळ उडाली. पल्लवीने पोहे भिजवले. मी घाईघाईने गोळी मागितली. (वाकड्या बोटांनी मला पाकिटातून गोळी काढता येत नाही. ते काम ह्यांचं.) ह्यांनी गोळी काढून दिली, मी पेलाभर पाण्याबरोबर गिळली, आणि तेवढ्यात हे हळू आवाजात म्हणाले, म्हणजे तीन घरांना ऐकू जाईल इतक्या हळू:

"आजाराचं काही बोलायचं न्हाई. घराण्यात आजार हाय म्हणतील. उठून जातील."

"अहो, पण माझी बोटं दिसतात की!"

"पदराखाली ठेवा."

"आणि चहा?"

"ते माझ्यावर सोडा. मी बघतो."

मला राग आला. काय मी चोरी केली होती? पण तोंड मिटून बसले. प्रश्न मुलीचा होता, आणि ह्याआधीचं एक चांगलं स्थळ माझ्या बोटांकडे बघूनच 'कळवतो' म्हणून गेलं होतं. ते अजून कळवतायत.

गाडी आली. अविनाश, त्याचे काका आणि आजी. (आईवडील आदल्या दिवशीच नांदेडला पुढे गेले होते. बघायचं काम ह्या तिघांवर टाकून!) आजी इतक्या वाकलेल्या की त्यांचा चेहरा बघायला मलाच खाली बसावं लागलं असतं. त्या दारातच थांबल्या आणि वाट बघू लागल्या. कशाची, ते सगळ्या महाराष्ट्राला कळेल. मी त्यांच्या पाया पडायची!

मी उभ्या उभ्या हात जोडले. म्हणजे जोडायचा प्रयत्न केला. माझी बोटं एकमेकांना भेटत नाहीत. तो नमस्कार दुरून ट्रॅफिक पोलिसाच्या इशाऱ्यासारखा दिसला असावा.

"शहराकडची रीत दिसती," काका म्हणाले.

आजी दिवाणावर बसल्या. मी समोरच्या लाकडी खुर्चीत ताठ. पल्लवी चहा घेऊन आली. सगळ्यांनी कप घेतले. माझ्यापुढे ट्रे आला आणि हे पुढे सरसावले.

"तिला नको. उपास हाय."

"रविवारी कशाचा वो?" आजींनी विचारलं.

ह्यांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. "सूर्याचा. ऊन कमी पडू नये म्हणून!"

"लातुरात?" काका म्हणाले. माझं अगदी हेच म्हणणं होतं, पण बोलायची सोय नव्हती.

आजी म्हणाल्या, "उपासाला च्या चालतो की. घ्या हो मास्तरीणबाई, घोटभर घ्या."

"कडक उपास हाय तिचा."

"मग केळं खावा." आजींनी पिशवीतून केळं काढून माझ्यापुढे धरलं. स्वतःच्या हाताने! काय सांगू, पोहे समोर, चहाचा वास नाकात, हातापुढे केळं, आणि मी मान हलवतेय. मला माझाच राग येत होता.

"केळं बी चालत न्हाई," हे म्हणाले. "निर्जळी हाय."

नेमकी तेव्हाच गोळी घशात अडकल्यासारखी वाटली आणि मी पेला उचलून गटागटा पाणी प्याले.

रिकामा पेला मी ठक्कन बाजूला ठेवला.

"निर्जळी म्हणले न्हवं तुमी?" काकांनी ह्यांच्याकडे बघितलं.

"पाणी चालतं," हे म्हणाले. घाम फुटला होता त्यांना. "बोलणं चालत न्हाई. मौन हाय तिचं!"

म्हणजे माझ्या घरात, माझ्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत, मी मुकी! पस्तीस वर्षं पोरांना गप्प बसवलेल्या बाईला एका वाक्यात गप्प बसवलं! मी ह्यांच्याकडे असं बघितलं की शाळेतला कुठलाही मुलगा बाकावर उभा राहिला असता.

आजींनी तरीही विचारलंच. "लेकीला सैपाक जमतो का, बाई?"

मी छताकडे बघितलं.

"जमतो! सगळा जमतो!" हे म्हणाले. "पुरणपोळी तर विचारूच नका!" (पल्लवीने आयुष्यात एकदा पुरण शिजवलं. त्या पातेल्यात आता तुळस आहे.)

रागाने माझं तोंड लाल झालं असणार. आजींना वाटलं, बाईला भोवळ येतेय. तशा मायाळू होत्या त्या. उठल्या, माझा दंड धरला आणि दिवाणाकडे ओढू लागल्या. "उपासानं तब्येत खराब होतीय तुमची. चला, जरा आडवं व्हा."

आणि आमच्या ह्यांच्यातला माईक सुरू झाला.

"आडवं व्हायचं न्हाई! अजून पाच मिनिटं हायेत!"

आजींनी दंड सोडला. काकांनी कप खाली ठेवला. "कशाला पाच मिनिटं? गाडी सुटायलीय का कुठं?"

आजी हळूच पण स्पष्ट म्हणाल्या, "लई ताठ हाय बाई. वाकली न्हाई, बोलली न्हाई, आपल्यासंगं घोटभर च्या बी घेतला न्हाई. चल रे, नांदेडला उशीर होतोय."

काका उठले. स्वयंपाकघराच्या दारात पल्लवी उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. आणि बोलायला तोंड उघडावं तर मौन!

अविनाश मात्र जागचा हलला नाही. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, पाच मिनिटं न्हाई. झाला अर्धा तास. काकू, घ्या आता चहा."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सगळ्यात जास्त मी!

"पल्लवीनं मेसेज केला होता," तो म्हणाला. "आईनं आत्ताच हाडांची गोळी घेतली, लगेच येऊ नका म्हणून. त्यासाठीच तर मी गाडीत हवा भरायच्या नावानं चौकात थांबलो."

"म्हणजे तुला माहीत होतं?" मी म्हणाले. मौन गेलं चुलीत!

"पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं तिनं."

आता मात्र माझा बांध फुटला. उभी राहिले आणि ह्यांना, काकांना, आजींना, भिंतीवरच्या कॅलेंडरला, सगळ्यांना उद्देशून बोलले. "उपास नाही! मौन नाही! मला आमवात आहे. त्याने हाडं पोकळ व्हायला लागलीत. वाकले तर मणका चेपेल म्हणून वाकले नाही. अर्धा तास चहा चालत नाही म्हणून घेतला नाही. ह्यात लपवण्यासारखं काय आहे? मी दरोडा घातलाय का?"

काका खाली बसले. घसा खाकरून म्हणाले, "तसं न्हाई ताई. पण लेकीला बी हे..."

"काका," पल्लवी दारातून पुढे आली. "मी डॉक्टरांना विचारलंय. आईला आहे म्हणून मला होईलच असं नाही. झालंच तर औषधं आहेत. ह्याची भीती वाटत असेल तर आत्ता सांगा. पण पोहे खाऊन सांगा, गार होतायत."

काकांनी निमूटपणे पोह्यांची प्लेट घेतली.

आजी मात्र अजून माझ्यासमोरच उभ्या होत्या. मान तिरकी करून, खालून वर बघत. "हाडं पोकळ झाली की माणूस वाकतं का वो?"

"वाकतं आजी. पाठीचे मणके दबतात."

"मला वाटलं, वयानं वाकले मी. मागं गोठ्यात जरासा पाय सरकला तर मनगट काडीवाणी मोडलं. घरात म्हणले, म्हातारपण हाय, चालायचंच." त्यांनी ते मनगट चोळलं. "तुमची ती डॉक्टरीणबाई माझी बी हाडं मोजंल का?"

"मोजेल की! मी नेते तुम्हाला."

"तुमाला वाकता येईना, मला सरळ होता येईना," आजी म्हणाल्या आणि एकदम हसायला लागल्या. "मग पाया पडायचं कसं जमावं, माय!" त्यांनी माझे वाकडे हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतले आणि केळं माझ्या मुठीत कोंबलं. मी ते तिथेच, उभ्या उभ्या, डोळे पुसत खाल्लं.

होकार पाहुणे लग्नाला पोचायच्या आधीच आला. नांदेडच्या रस्त्यावरून, गाडीतूनच. जाता जाता!

दुपारी मी सगळ्यांना फैलावर घेतलं. ह्यांना खोटं बोलल्याबद्दल, पल्लवीला खरं बोलून मला न सांगितल्याबद्दल. "पथ्य म्हणजे पथ्य! माझ्यासारखी शिस्त अंगात असती तर ही वेळ आली नसती!" हे माझं व्याख्यान बराच वेळ चाललं. हे मान खाली घालून डब्यात काहीतरी शोधत होते.

"काय शोधताय?"

"माझी ॲसिडिटीची गोळी. एकच राहिली होती, ती दिसंना. आणि तुमच्या हाडांच्या गोळ्यांचं नवं पाकीट तर भरलेलंच हाय."

दोन्ही पाकिटं माझ्यासमोर आली. मी चष्मा लावला. सकाळी ह्यांनी गोळी काढताना विचारलं होतं, "हीच का?" आणि मी, चष्म्याशिवाय, खेकसून म्हणाले होते, "हीच! एवढंही कळत नाही का?"

म्हणजे ज्या गोळीसाठी मी पाहुण्यांदेखत उपाशी, मुकी आणि ताठ बसले होते, ती मी घेतलीच नव्हती! दुसऱ्या दिवशी सकाळी ती निमूट घेतली, आणि ह्यांनी घड्याळ लावून मला अर्धा तास बसवलं तेव्हा एक अक्षर बोलले नाही.

पण खरं सांगते, त्या रविवारी माझा एवढा अपमान झाला, एवढा संताप संताप झाला, तरी जळजळ म्हणाल तर अजिबात झाली नाही!