बेअरिंग शाबूत होतं

ते दोन्ही हात समोर धरायचे, पंजे जमिनीकडे, बोटं पसरलेली. मग विचारायचे, "बघा हो मिस्त्री, हलतंय काय?"

पेणमध्ये माझं गॅरेज होतं. गिऱ्हाईक आलं की आधी गाडी दाखवतं. हे आधी हात दाखवायचे, आणि माझं उत्तर येईपर्यंत श्वास रोखून धरायचे.

तुमच्यातले जे पेणचे आहेत त्यांनी त्यांना नक्की पाहिलं असेल. नव्वदच्या दशकात हमरापूरच्या बाजूला राहायचे, गणपतीच्या कारखान्यांतून डोळ्यांची आखणी करायचे. आणि दारूपायी हात गेलेला माणूस म्हणून तुम्ही त्यांना ओळखत असाल. ते खोटं आहे. त्यांनी दारूचा थेंबही घेतला नव्हता. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, अजून आहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितो आहे.

मूर्तीला रंग पुष्कळ जण देतात. डोळे आखणारे थोडे. भुवईची रेघ एका दमात ओढायची असते, मध्ये हात थबकला तर देवाचा चेहराच फिरतो. पेणची कामं उरकली की ते जुन्या मोटरसायकलवरून रोह्याच्या एका कारखान्यात जायचे. गाडी इतकी हळू चालवायचे की धाटावच्या कंपनीची बस मागून आली की खिडकीतून शिफ्टवाले ओरडायचे, "काका, ढकलत न्या, लवकर पोचाल!"

"चालंल," हे म्हणायचे. "देव आंधळा बसलाय माझ्यासाठी. मी पोचल्याबिगर तो कुटं जातोय?"

असं बोलणारा माणूस एका वर्षी गॅरेजात आला तो पांढरा पडलेला.

"हँडल थरथरतंय," म्हणाले. "रोह्याला उतरलो तरी हातातली थरथर जात नाय. तासभर बसून ऱ्हावं लागतं. चाकाचं बेअरिंग गेलंय."

मी पुढचं चाक उचलून दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. काही खेळ नव्हता, चाक घट्ट बसलेलं. फिरवून पाहिलं, आवाज नव्हता.

"ठीक आहे की हो."

"नाय, उघडून बघा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या बापाचे हात असेच गेले. आय भरवायची त्यांना. घास तोंडात जाईपर्यंत आमी पोरं भिताडाकडं बघत बसायचो. मिस्त्री, गाडीच हाय ना ही?"

मी चाक खोललं. ते चहा सांगायला गेले. आस काढला, बेअरिंग ठोकून बाहेर काढलं, पुसलं आणि बोटावर घेऊन फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. ना खरखर, ना ढिलाई.

एवढ्यात ते आले. पोऱ्याची वाट न बघता दोन ग्लास स्वतःच घेऊन आले होते. चहा ग्लासाच्या काठावरून त्यांच्या बोटांवर सांडत होता. चटके बसत असणार, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. तसं तोंड मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. तपासून झाल्यावर डॉक्टर गप्प बसला की घरचे बघतात ना, तसं.

मी घाबरलो. आजाराला नाही. ते सांगणारा मी असणार, याला.

शाबूत बेअरिंग मी फडक्याखाली सरकवलं. भंगाराच्या डब्यात एक झिजलेलं होतं, कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं, ते काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे घ्या तुमचं दुखणं. पार गेलंय."

तळहातावर ते बेअरिंग खुळखुळत राहिलं. त्यांना वाटलं ढिलं आहे म्हणून खुळखुळतंय. मला तळहात दिसत होता.

"मी म्हनलं नव्हतं?" ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "च्यायला, महिनाभर झोप नाय मला!"

नवीन बेअरिंग बसवून दिलं. ते ऐटीत किक मारून गेले. त्यांचं शाबूत बेअरिंग मी पुढे दुसऱ्याच्या गाडीत घातलं. फार वर्षं चाललं ते.

त्याच मोसमात रोह्याला गोष्ट घडली. रांगेतल्या मूर्तींच्या भुवया वाकड्या गेल्या, एका मूर्तीची बुबुळं दोन दिशांना. घ्यायला आलेल्या बाईंनी मूर्ती बघून पदर तोंडाला लावला. मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "प्यायलात काय?"

आणि यांनी मान खाली घालून सांगितलं, "व्हय. घेतली थोडी."

वास कुणी घेतला नाही. माणूस कबूल झाल्यावर वास कोण घेतो?

हे मला त्यांनीच गॅरेजात येऊन सांगितलं. मी चिडलो. "कशाला कबूल झालात? तुम्ही तर चहासुद्धा बेतानं पिता."

"मग काय सांगू, हात जातोय?" ते खेकसले. "दारू सुटते, मिस्त्री. दारुड्याला पुढल्या साली परत बोलवतात. थरथऱ्याला कोन बोलवंल?" मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पन बेअरिंग गेलं व्हतं ना? तुमी दावलंत."

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं.

"गेलं होतं," मी म्हणालो.

"मग जाईल. हाताला सवय लागलीय गाडीची. जाईल हळूहळू."

डॉक्टरकडे ते गेले नाहीत. दुखणं गाडीचं होतं, डॉक्टरकडे कशाला जायचं? पुढे पडले तेव्हा उचलून नेलं. आधी आला असतात तर औषधानं हात काही काळ तरी धरला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मधल्या काळात एकदा वहिनी गॅरेजात आल्या. तांदळाची कणगी, रंगांचे डबे, कौलांखालची जागा, सगळं धुंडाळून झालं होतं. "दादा, बाटली कुटं ठेवतात तेवढं सांगा," म्हणाल्या. "मी भांडनार नाय. नुसती फेकून देईन."

"मला काय माहीत, वहिनी," मी म्हणालो आणि पाना उचलून कामाला लागलो. त्या बराच वेळ उभ्या होत्या. मी वर पाहिलं नाही.

पुढल्या साली त्यांना कुणी बोलावलं नाही. त्याच्या पुढल्या सालीही नाही. शेवटी शेवटी वहिनीच त्यांना भरवायच्या, तोंडानं दारूला शिव्या देत. ते निमूट ऐकून घ्यायचे.

त्यांच्या दहाव्याला आम्ही नदीवर जमलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या आंब्यावर बसून होते, खाली एकही येईना. ऊन चढलं. नातेवाइकांनी एकेक करून शब्द दिला, पोरांकडे बघू, घर शाकारू. कावळे हलले नाहीत. शेवटी धाकट्या भावानं पिशवीतून क्वार्टर काढली.

"वहिनीनं दिलीय," तो म्हणाला. "आता पिऊ दे म्हनाली त्यांना."

त्यानं ती द्रोणात ओतली. उन्हात वास पसरला. मी दोन पावलांवर बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"बघा," कुणीतरी म्हणालं, "जीव त्यातच अडकला व्हता." सगळे सुटल्यासारखे कपडे झटकत उठले. मीही उठलो.