हॉलमधल्या चादरी

मी आमच्या गावाच्या ॲम्ब्युलन्सवर स्वयंसेवक आहे, असं पार्सिपनीच्या मराठी मंडळात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पे किती करतात?" काहीच नाही म्हटलं की समोरचा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो. मला नोकरी आहे हो, घरूनच कॉम्प्युटरवर करते. पण आम्ही राहतो न्यू जर्सीच्या डोंगराळ भागात. घरं झाडीत लांब लांब, हॉस्पिटल डोंगरापलीकडे, तेव्हा आजारी माणसाकडे आधी पोचायचं ते आमच्यासारख्यांनीच. शाळेची बस चालवणारी एक बाई माझी जोडीदार आहे. फोन वाजला की ती ॲम्ब्युलन्स घेऊन निघते आणि मी माझ्या गाडीनं थेट त्या घरी जाते. बहुतेक वेळा कुणी म्हातारं माणूस बाथरूममध्ये घसरलेलं असतं. त्याला उचलायचं, बीपी बघायचं आणि घरातलं कुत्रं आवरायचं.

फेब्रुवारीतली ती सकाळ मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

फोनवर निरोप होता, बाई, वय सत्तरच्या पुढे, छातीत दुखतंय. घरापाशी पोचले तर दाराबाहेर चपलांचं स्टँड. म्हटलं, आपलेच दिसतात. जोडीदारीणही मागोमाग आलीच. दार उघडणाऱ्या बाई इस्त्रीच्या साडीत, केस नीट विंचरलेले. जोडीदारणीनं त्यांनाच विचारलं, पेशंट कुठे आहे?

"That would be me," असं म्हणून त्यांनी माझ्या बर्फानं भरलेल्या बुटांकडे पाहिलं. मग मराठीत, "तू आपली का गं? ये. राहू देत बूट."

घर लखलखीत होतं. व्हॅक्यूम क्लीनर अजून प्लगला लावलेला. हॉलमधले सोफे भिंतीला सरकवलेले आणि मधे पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. ओट्यावर भलंमोठं पातेलं आणि शेजारी कागदी कपांची चळत. आमच्यासाठी चहा टाकायला निघाल्या की काय! मी मनातल्या मनात चिडले. आमच्या बायकांना मरणाच्या दारातही पाहुणचार सुचतो.

"काकू, आज काही कार्यक्रम आहे का घरी?"

"असेल," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सोफ्यावर बसवलं. कपाळावर घाम, हात गार. जोडीदारीण बीपी घेत होती. मी ॲस्पिरिनची गोळी काढली, तर म्हणाल्या, "ती मी घेतली आहे. पहाटेच."

"पहाटे?"

"दुखायला लागलं तेव्हा."

"मग फोन आत्ता केलात? इतका वेळ काय करत होतात?"

"कामं होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "ओरडू नकोस. मी जन्मभर ॲनेस्थेशिया दिलाय. हार्ट अटॅक मला कळतो."

डॉक्टर! पहाटेपासून सगळं कळत होतं, आणि ही बाई व्हॅक्यूम फिरवत बसली होती. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात त्यांची मान कलली. हाक मारली, ओ नाही. नाडी लागेना, श्वास नाही.

दोघींनी मिळून त्यांना खाली घेतलं, त्या चादरींवरच. मी छाती दाबायला लागले. हाताखाली बरगडी मोडल्याचं कळलं, तरी थांबायचं नसतं. जोडीदारणीनं ब्लाउज कापला, मशीनचे पॅड चिकटवले. मशीन म्हणालं, दूर व्हा. शॉक दिला. पुन्हा दाबणं. पुन्हा शॉक. त्यानंतर कधीतरी त्या कण्हल्या. तसला सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. एवढ्यात हॉस्पिटलचे पॅरामेडिक पोचले, त्यांनी ताबा घेतला आणि ॲम्ब्युलन्स गेली. मी गॅस बघून, दार लावून मागून निघणार होते.

गॅस बंदच होता. पातेल्यात पाणी भरून ठेवलेलं, शेजारी वाट्यांत साखर आणि चहाची पूड मोजून काढलेली. कप तीस-चाळीस तरी असतील. आम्ही तर दोघीच होतो. मग डायनिंग टेबलाकडे लक्ष गेलं. तिथे काकूंचा फ्रेममधला मोठा फोटो उभा होता, काच नुकतीच पुसलेली. शेजारी उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी.

मी खुर्चीत बसले. ही तयारी आमच्यासाठी नव्हती. त्या गेल्यावर भेटायला येणाऱ्यांसाठी होती. स्वतःच्या मरणाला येणाऱ्यांची बसायची सोय करून मगच या बाईनं फोन केला होता! मला संताप आला आणि रडूही आलं, आधी काय ते सांगता येणार नाही.

बाहेर गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला. काका, म्हणजे काकूंचे मिस्टर असणार. मी ताडकन उठले. फोटो भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवला, उदबत्ती ड्रॉवरमध्ये, कप कपाटात, चादरींच्या कशाबशा घड्या घालून सोफ्यामागे.

काका भाजीच्या पिशव्या घेऊन आत आले. मी सगळं सांगितलं, फक्त ते एक सोडून. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "सोफे कुणी हलवले?"

"आम्हीच. स्ट्रेचरसाठी."

"बरं," ते म्हणाले. मी त्यांना माझ्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं.

काकू वाचल्या. उन्हाळ्यात त्यांनी मला घरी बोलावलं. काका चहा करायला आत गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, "फोटो भलत्याच खिळ्यावर लावलास."

मग मात्र माझा बांध फुटला. "काकू, तुम्ही डॉक्टर ना? एवढं काय अडलं होतं?"

"त्यांना घरातलं काही सापडत नाही गं," त्या म्हणाल्या. "एवढी माणसं आली असती, चादरी कुठे, साखर कुठे, कुणाकुणाला विचारत फिरले असते? त्यांना काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

काकांनी चहा आणला. फार गोड होता. निघताना ते मला गाडीपर्यंत सोडायला आले आणि एकदा मागे, दाराकडे बघून घेतलं.

"सोफ्यामागच्या त्या पांढऱ्या चादरी मी डोनेशनच्या बॉक्समध्ये टाकून आलो," ते म्हणाले. "तिला सांगू नकोस. शोधत बसू दे."