मेव्हण्याला जामीन ठेवून

जवळा बाजारात ट्रॉल्यांना वेल्डिंग करून मी संध्याकाळी घरी येतो. ताट वाढता वाढता बायको एकच विचारते, "माह्या भावाला सुट्टी काहून भेटंना?" मी म्हणतो, "तिथं काम लई हाय." यात खोटं काही नाही. तेवढंच बोलून थांबायचं, ही माझी खोड.

आखातातल्या एका यार्डात मी कामाला होतो. शेजारच्या देशातली लढाई संपली, परदेशी फौज निघून गेली, आणि तिचे ट्रक, जीपा, लोखंडी नावा मागं राहिल्या. मालकानं ते सगळं लिलावात उचललं. आम्ही मातकट रंग खरवडायचो, गोळ्यांच्या भोकांवर पत्रा डकवायचो, पांढरा रंग मारायचो. ज्या देशाच्या सरकारनं माल घेतला त्याचं चिन्ह दारावर छापलं की गाडी जहाजावर. एकदा सीटखाली लहान लेकराचा मोजा निघाला. तो मी फेकला नाही, कुणाला दाखवलाही नाही.

सासऱ्यांचं नरसीला रस्त्याकडेला प्रसादाचं दुकान. त्यांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. "वाळूत नावा? मंग जावईबापू, वल्हवायला उंटं ठेवले का?"

त्यांच्याच पोराला मी तिकडं बोलावून घेतलं. सगळे म्हणाले, जावयानं सोनं केलं पोराचं.

यार्डाची रीत अशी होती. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. कुणाला गावी जायचं असलं तर त्याचा एक माणूस जामीन राहायचा. गेलेला परत आला, मगच जामीनदाराला सुट्टी. नात्यातला जामीन असला तर मालक लवकर सोडायचा. सख्ख्या नात्याला टाकून कोण पळेल, असा त्याचा विश्वास. मेव्हण्याला मी बोलावलं ते याच हिशेबानं. त्याची नोकरी वगैरे नंतरची गोष्ट.

मी निघालो तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं. तो ट्रकखालून बाहेर आला. "दाजी, बिनघोर जा. पण लग्नाच्या आत या बरं, न्हाईतर बोहल्यावर माहा फोटो उभा करतेन."

आजारी आईचं मी निमित्त केलं होतं. आई धडधाकट होती. मला फक्त ती वाळू नको झाली होती. गावी शिरड शहापूरला आलो, झाडाखाली झोपलो, आणि उठावंसंच वाटेना. मालकानं काढून टाकलं, असं घरी सांगितलं. बाहेर फार दिवस राहिलं की तिथला परवाना रद्द होतो. तो रद्द होऊ दिला. झाला तेव्हा मला हलकंही वाटलं.

परवा नवरीकडची माणसं सासऱ्यांच्या दुकानावर येऊन गेली. दिवाळीपर्यंत पोरगा आला नाही तर आमी दुसरीकडं बघतो, म्हणाली. बायकोनं हे सांगितलं आणि मी ताट बाजूला सारलं. जामिनाचं सगळं सांगून टाकलं.

ती खालीच बसली. "म्हंजे माहा भाऊ तुमी गहाण टाकला?"

"व्हय."

ती रडली नाही. तिनं भावाला फोन लावला, आवाज मोठा केला आणि मी सांगितलेलं सगळं त्याला ऐकवलं.

"मला ठावं हाय, अक्का," तो म्हणाला. "मालकानं कवाच सांगितलं, मला जामिनासाठीच बोलावलं म्हणून."

"मंग बोलला काहून न्हाईस?"

"तुला त्यायच्यासंगं राहायचं हाय ना."

तिनं फोन माझ्यापुढं धरला. परवान्याचं तेवढं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, त्यालाही माहीत नव्हतं. "आता मी आलो तरी मला आत घेत न्हाईत," मी म्हणालो. "परवाना गेला माझा."

पलीकडं कुणीतरी पत्रा घासत होतं. मेव्हण्यानं त्याला थांबायला सांगितलं.

"मला वाटलं, उशिरा का व्हईना, तुमी येऊन राहिले."

"मालक काय म्हणतो?"

"म्हणतो, ह्या नावा गेल्या की सोडतो."

"मंग?"

"एक गेली की दुसरी येऊनच राहिली, दाजी."

बायकोनं फोन बंद केला. "उद्या नवरीच्या घरी जा," ती म्हणाली. "दिवाळीची वाट बघू नका म्हणावं. आन् काहून, ते बी तुमच्याच तोंडानं सांगा."