गौरीपुढचं तीनशे तेरावं झाड

रंभाबाईच्या तोंडी लागायची बिशाद सावनेर रोडवरच्या बकऱ्यांचीही नव्हती, मग बकरीवाल्यांची काय कथा! नवरा गेल्यावर त्याच्या जागी ती राखीव रानाची चौकीदार झाली. रान म्हणजे काय, तर तारेच्या कुंपणातला दहा-बारा एकराचा तुकडा. पण बाईचा तोरा असा, की जणू अख्खा सातपुडा आंदण मिळालाय.

त्या रानातल्या झाडाझुडपांची यादी करायला नागपूरच्या कॉलेजातले गणपतराव सर चार वर्षं दर रविवारी सीताबर्डीहून बसनं यायचे. रंभाबाई पुढे, सर मागे. ती गावातलं नाव सांगायची, सर फांदी रद्दी पेपरात दाबायचे आणि वहीत नोंद करायचे. तीनशे बारा झाडं झाली. तीनशे तेरावं मात्र अडून बसलं. नाल्याकाठी एकच रोप, भाद्रपदात चार पानं काढायचं आणि मुकाट सुकून जायचं.

"फूल आल्याशिवाय नाव सांगता येत नाही, रंभाबाई," सर म्हणायचे. येत्या मार्चमध्ये ते रिटायर होणार होते, यादी छापायला जाणार होती, आणि त्या एका ओळीत 'ओळख पटली नाही' असं लिहायची पाळी आली होती. सरांच्या जिवाला ते लागलं होतं, म्हणून रंभाबाईच्याही. तिनं रोपाभोवती काट्या रोवल्या. घरी सुनेला, कौसल्याला, उठता-बसता ऐकवायची, "थ्या नाल्यावरच्या झाडायेवढं भारी झाड अख्ख्या रानात नाही वं!"

त्र्याहत्तर साली भाद्रपद लागता लागताच रोपानं दांडा काढला. कळ्या दिसताच बाईनं कंडक्टरजवळ निरोप दिला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी सर हजर. दोघं लगबगीनं नाल्यावर गेली. काट्या जागच्या जागी होत्या. आत नुसता खुडलेला देठ.

बाईनं आधी साऱ्या बकऱ्यांचा उद्धार केला. मग देठाकडे पाहिलं. चावल्याची खूण नव्हती, नखानं खुडलेलं होतं. आणि तिच्या ध्यानात आलं. आज हरतालिका! गावातल्या बाया पहाटेपासून गौरीसाठी पानं-फुलं गोळा करत होत्या.

ती धावतच घरी आली. पाटावर वाळूची गौर, आणि तिच्या माथ्यावर तो दांडा, पांढरी फुलं उमललेला.

"काहून तोडलं वं?"

उपाशी कौसल्या रडकुंडीला आली. "तुम्हीच म्हणत होत्या ना आत्याबाई, येवढं भारी झाड दुसरं नाही. मंग गौरीले दुसरं काय वाहू?"

रंभाबाईनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. वाहिलेलं फूल उचलायचं कसं? गौर उद्या सकाळी हलणार, तोवर फुलाचा चोथा होणार.

"हात नका लावू," दारातून सर म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि गौरीपुढे गुडघे टेकले. भिंग डोळ्याला लावून इतके वाकले की कपाळ वाळूला टेकायचं राहिलं. एकेक पाकळी मोजत होते, वहीत काढत होते. पूजेला आलेल्या बाया दारातच थबकल्या. सर इतके देवभोळे असतील असं कोणाला वाटलं होतं?

तासाभरानं सर उठले. "मिळालं, रंभाबाई! नाव मिळालं!" म्हातारा माणूस, पण डोळे लहान पोरासारखे भरले होते. त्यांनी नाव उच्चारलं.

"हे काय जी नाव! तोंडात मावून नाही राहिलं," बाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

सकाळी गौर हलल्यावर कौसल्यानं निर्माल्यातून तो सुकलेला दांडा निवडून दिला. रंभाबाईनं तो पेपरात घालून पाट्याखाली दाबला, आठ दिवस रोज पेपर बदलला, आणि स्वतः बसनं कॉलेजात पोचवला.

मार्चमध्ये सर छापलेली यादी घेऊन आले आणि शेवटची नोंद त्यांनी वाचून दाखवली. ते अवघड नाव, मग 'गोळा करणारी: कौसल्या. राखणारी: रंभाबाई.' आधीच्या तीनशे बारा झाडांत 'राखणारी' असा रकानाच नव्हता. सरांनी तो या एकासाठी पाडला होता.

बाई उंबऱ्यावर बसून राहिली. नाल्यावर कोणाची तरी बकरी शिरली होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

"अजून एकदा वाचा जी," ती म्हणाली.