देवीच्या नावानं घेतलेली सही

“ताई, तुम्ही भावाला हक्क सोडून दिलात. बापाच्या जमिनीच्या मोबदल्यात आता तुमचं काही नाही,” कचेरीतला कारकून म्हणाला, तेव्हा माझ्या सहीशेजारच्या अंगठ्याची शाईसुद्धा वाळली नव्हती. भावानं मला देवीच्या देवळाच्या दुरुस्तीचा कागद आहे असं सांगून आणलं होतं. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचते. पण देवीचं काम म्हटल्यावर वाचलं नाही. नवं शहर वसवायला सरकारनं आमची शेतं घेतली तेव्हा बाप म्हणायचा, “देवीवर सोडा. मला नाही तर नातवंडांना देईल.” वाट बघतच तो गेला. त्या शेतांच्या बदल्यात सरकारकडून भूखंड मिळायची वेळ आली, तेव्हा माझी पोरं कामोठ्यात भाड्याच्या खोलीत होती. “देवीचं नाव घेऊन फसवलंस?” मी भावाला विचारलं. “सगळ्याच बहिनी सही करतात गं! तुला साडी आनलीय ना,” तो म्हणाला. पिशवीत खरंच हिरवी साडी होती. ती मी टेबलावर टाकली आणि एकटीच बसनं घरी आले. देवीला मी सोडलं नाही, सही तिनं घेतली नव्हती. माझ्या नातवंडांचं ती बघेल, असं मी अजून धरून आहे. भाऊ त्या भूखंडावरच्या इमारतीत राहिला आणि तिथंच वारला. मी आहे.